आमिषाला चव नसते



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याची आज्ञा झाली, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. या व्यासपीठावरून भाषा, इतिहास, समाजकारण असे भारदस्त विषय मांडले गेले आहेत. मी मात्र आपल्यापुढे गळाला बांधलेल्या एका पत्र्याच्या तुकड्याविषयी बोलणार आहे. काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित मला येथून दिसते आहे. परंतु हा विषय माझा नव्हे, सरांचा आहे. त्यांनी तो आम्हाला नववीच्या वर्गात दिला होता. त्याचे उत्तर द्यायला मला उशीर झाला, एवढाच काय तो माझा भाग.

आपल्या शाळेच्या मागे खाजणाचा बांध आहे आणि बांधावर मानस आहे. ओहोटीचे पाणी मानशीतून बाहेर ओढले जाऊ लागले, की त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते, आणि तिच्या वाटेवर चणक टपून असतो. रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने घरातल्या चमच्याचा दांडा कापून टाकला, उरलेल्या खोलगट भागाला दोन टोकांना भोके पाडली, एकात गळ अडकवला आणि दुसऱ्यात नायलॉनची दोरी. ना कोळंबी, ना गांडूळ. तो नुसता चमचा पाण्यात फेकून ओढायचा, आणि त्यावर चणक यायचा!

जूनचे दिवस होते, शाळा नुकतीच सुरू झाली होती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्याने असा एक भला मोठा चणक ओढून काढला आणि सरांना दाखवायला आणला. सरांनी आधी मासा पाहिला, मग चमचा पाहिला आणि विचारले, "अरे, याला यात काय दिसले?"

आम्ही एका सुरात म्हणालो, "सर, भूक लागली असेल!"

सर काही बोलले नाहीत. त्यांनी शिपायाकडून कोयती आणवली आणि आमच्यासमोर मासा चिरला. पोटात मूठभर कोळंबी निघाली. तिच्यासोबत एक अख्खा शेवटा होता, त्याची शेपटी अजून घशाशी होती. बाजूला गाबोळीच्या दोन जाड पिवळ्या पट्ट्या निघाल्या, त्या पाहून आमच्यापैकी काहींच्या तोंडाला पाणी सुटले. सर म्हणाले, "पोट तर गच्च भरलेले आहे. आता सांगा." कोणालाच काही सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "उत्तर पाठ करून आणू नका. शोधून आणा."

पुढे प्राणिशास्त्र शिकण्यात आणि शिकवण्यात आयुष्य गेले. तो चमचा मात्र मनातून गेला नाही. आज सरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साक्षीने मांडण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्या गुरूंत मासाही आहे. मासा जिभेच्या लालसेने गळ गिळतो आणि प्राणास मुकतो. तेव्हा साधकाने रसना जिंकावी, असा तो बोध. एकनाथ महाराजांनी या स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिल्यामुळे हा मासा घरोघर पोचला. नीतीचा दाखला म्हणून तो अचूकच आहे. पण चमच्याला चव कोठे असते? जिभेच्या लालसेने मरावे, तर जिभेला लागेल असे काही तेथे हवे ना? पत्र्याचा तुकडा, लाकडाची चिपळी, पिसांचा गुच्छ, रबराची शेपटी ही सारी आमिषे बेचव असतात. तरीही मासा त्यांच्यावर झेपावतो.

भुकेचे उत्तरही पुरे पडत नाही. भरल्या पोटाच्या चणकाची साक्ष आपण ऐकलीच. दुसरी साक्ष अटलांटिक महासागरातल्या सामन माशाची. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ थांबवतो, अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास करतो. स्कॉटलंडमधल्या नद्यांत पकडलेल्या सामनची पोटे बहुधा रिकामीच सापडतात. आणि तरीही ज्याला अन्न नको आहे असा हा मासा, पिसांनी मढवलेल्या गळावर तुटून पडतो. म्हणजे झेप आणि भूक यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही.

माणसाला ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला रोमन लेखक एलियन मॅसिडोनियातल्या कोळ्यांविषयी लिहितो. गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधायची आणि माशीचे सोंग वठवायचे, अशी त्यांची रीत होती. आपल्या दख्खनचीही यात नोंद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची कला यांचे वर्णन येते. आमिष कसे लावावे याचे ज्ञान असे जुने आहे. खोट्या आमिषाला मासा का भुलतो याचे ज्ञान मात्र अलीकडचे.

त्या ज्ञानाची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, एका नावेत झाली असे म्हणता येईल. फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. आपल्या नावेतून पाण्यात पाहता पाहता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली, असे सांगतात. मोठा शिकारी मासा लहान माशांच्या थव्यावर चालून येतो, तेव्हा तो थव्यातल्या वाटेल त्या माशावर झडप घालत नाही. जो जरा डळमळतो, ज्याची चाल इतरांहून वेगळी पडते, नेमका तोच तो टिपतो. रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यावर लेप दिला, आणि ओढला की जखमी माशासारखा डोलेल असा त्याचा तोल साधला. त्याच्या नावाची आमिषे पुढे जगभर गेली.

रापालाने डोळ्यांनी टिपलेल्या या गोष्टीला शास्त्राचा आधार मिळायला पन्नास वर्षे लागली. १९८६ साली लँडो आणि टरबोर्ग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या तोंडाचा बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्यापुढे एकटा लहान मासा सोडला, की तो तत्काळ पकडला जाई. आठ माशांचा एकसारखा थवा सोडला, की बास गोंधळे. कोणाचा पाठलाग करावा हेच त्याला कळेना आणि शिकार हुके. मग त्या आठांपैकी एकदोघांना निळा रंग देऊन थव्यात सोडले. बासचा गोंधळ पुष्कळसा ओसरला आणि शिकार पुन्हा साधू लागली. गर्दी हे लहान माशाचे चिलखत आहे, आणि वेगळेपण हे त्या चिलखतातले भगदाड. खोटे आमिष हे भगदाड मुद्दाम निर्माण करते. ते शिकाऱ्याला दुरून सांगते की, पाहा, येथे एक चुकलेला, अडखळणारा, सहज मिळणारा जीव आहे.

आता हे सांगणे माशापर्यंत पोचते कसे? त्यासाठी आपण क्षणभर पाण्यात उतरले पाहिजे.

पाणी हे हवेपेक्षा फार निराळे माध्यम आहे. स्वच्छ पाण्यातसुद्धा दृष्टी फार लांब जात नाही, गढूळ खाडीत तर हातभर अंतरावरचे दिसेनासे होते. प्रकाशातला तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. म्हणून वर लालभडक दिसणारे आमिष खोलवर काळपट होऊन जाते. उलट ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. डोळ्यांना अपुरे असलेले हे जग कानाला आणि स्पर्शाला मात्र उदार आहे.

या जगासाठी माशाला निसर्गाने एक ज्ञानेंद्रिय दिले आहे, जे आपल्यापाशी नाही. माशाच्या दोन्ही कुशींवर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. मासळी साफ करणाऱ्या आपल्या माताभगिनींच्या ती परिचयाची आहे. ही पार्श्वरेषा. या रेषेत सूक्ष्म केसांसारखी टोके असलेल्या संवेदक पेशी असतात. शेजारून कोणी शेपटी हलवली, की पाण्याला बसलेला तो हलका धक्का या पेशी टिपतात. हा स्पर्श आहे, पण अंगाला अंग न लावता होणारा. तो फार लांबून कळत नाही. माशाच्या एकदोन अंगलांबीच्या टापूतच तो प्रभावी असतो. परंतु झेपेचा अखेरचा क्षण नेमका याच टापूत येतो.

डोळा आणि पार्श्वरेषा ही कामे कशी वाटून घेतात, हे मस्केलंज या उत्तर अमेरिकी माशावरच्या एका प्रयोगात सुंदर रीतीने दिसून आले. तो प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. डोळस मासा भक्ष्य दुरून हेरतो, दबा धरून हळूहळू जवळ सरकतो आणि मग झडप घालतो. दृष्टी काढून घेतली, तर तो पाठलाग करीत नाही. पण भक्ष्य अगदी तोंडाशी आले की अचूक झडप घालतो. दृष्टी आणि पार्श्वरेषा दोन्ही निकामी केल्या, की शिकारच थांबते. म्हणजे डोळा निमंत्रण देतो आणि पार्श्वरेषा निर्णय करते. चमच्याचे यश आता उलगडू लागते. चमचा ओढताना गरगरतो, त्याच्या पाठीपोटावरून प्रकाश लकाकतो. लहान माशाच्या खवल्यांत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे आरशासारखे स्फटिक असतात. जखमी मासा कुशीवर कलंडला, की ते अशीच लकेर मारतात. डोळ्याला मिळते ते निमंत्रण हेच. आणि गरगरताना चमचा पाण्याला जे ठोके देतो, ते शेपटीच्या धडपडीसारखे असल्याने पार्श्वरेषाही होकार देते. आकार माशाचा नाही, वास माशाचा नाही, चव तर मुळीच नाही. पण ज्या दोन खुणांवर निर्णय होतो, त्या दोन्ही हजर आहेत.

येथे कोणी म्हणेल की, दोन खुणांवर भाळणारा प्राणी मूर्खच म्हटला पाहिजे. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाच्या कामाकडे वळावे लागते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. समुद्रपक्षी गल याचे पिल्लू आईच्या पिवळ्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोच मारते आणि आई त्याला घास देते. टिनबर्गन यांनी पिल्लांपुढे आईच्या डोक्याची हुबेहूब प्रतिकृती ठेवली आणि दुसरीकडे पांढरे पट्टे ओढलेली एक बारीक लाल काडी. पिल्लांनी अधिक टोचा काडीला मारल्या! खऱ्या आईपेक्षा खोटी काडी सरस ठरली, कारण पिल्लू ज्या खुणा शोधत होते त्या काडीत अधिक ठसठशीत होत्या. टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक नावाच्या लहान माशावरही असे प्रयोग केले. नराचे पोट विणीच्या हंगामात लाल होते, आणि त्यांच्या नोंदीनुसार खालून लाल रंगवलेल्या ओबडधोबड तुकड्यावरही नर चालून जात. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर सावध होत, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. पुढच्या काळात हे लाल रंगाचे प्रयोग सर्वांना सारख्याच स्पष्टपणे साधले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मूळ तत्त्व टिकून राहिले. प्राणी समोरची वस्तू संपूर्ण पारखत बसत नाही. त्याच्या जगात ज्या थोड्या खुणा पुरेशा ठरत आल्या आहेत, त्यांवर तो कृती करतो.

ही काटकसर आहे, मूर्खपणा नव्हे. थव्यातून निसटलेला मासा निमिषार्धात पुन्हा थव्यात मिसळतो. सर्व बाजूंनी खात्री करून घेणारा शिकारी उपाशी मरेल. लक्षावधी वर्षांत पाण्यात लकाकणारी आणि अडखळत धडधडणारी वस्तू म्हणजे जवळजवळ नेहमीच घायाळ मासा होती. चमचा ही कालची गोष्ट. माशाचा हिशेब चुकलेला नाही. त्या हिशेबात एक खोटे नाणे शिरले आहे, एवढेच.

शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. माशाला हात नाहीत. आपण संशयास्पद वस्तू उचलून, उलटसुलट करून पाहतो, नाकाशी नेतो. माशाला वस्तू पारखायची तर तोंडातच घ्यावी लागते. चणक किंवा बास भक्ष्याला दातांनी चावत नाही. तो तोंड एकदम फाकतो, आतली पोकळी फुगवतो, आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. ही सारी क्रिया आपली पापणी लवण्याच्या आत आटोपते. आवडले तर गिळायचे, नाही तर थुंकून टाकायचे. गळ नसता तर मासा चमचा थुंकून निघून गेला असता. आपण ज्याला त्याचे 'खाणे' म्हणतो, ते पुष्कळदा त्याचे 'पाहणे' असते. या पाहण्याची शिक्षा त्याला होते.

रंगाविषयीही थोडे सांगतो, कारण आमिषांच्या दुकानात गेल्यावर रंगांनीच डोळे दिपतात. बासच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना असे आढळले की हा मासा लाल आणि हिरवा चांगला ओळखतो. पोपटी-पिवळ्यात आणि पांढऱ्यात मात्र त्याचा गोंधळ होतो, तसाच निळ्यात आणि काळ्यातही. तेव्हा त्या रंगपेटीतले पुष्कळसे रंग माशासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात. तेथे गळाला कोण लागते, हे मी सांगायला नको!

आतापर्यंत आपण झेपेचा विचार शिकार म्हणून केला. परंतु काही झेपा शिकारीच्या नसतातच, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तेथे आहे.

बासचा नर वसंत ऋतूत उथळ पाण्यात तळाची माती झाडून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांची आणि पिल्लांची राखण एकटा बाप करतो. या काळात तो फारच थोडे खातो. पण घरट्यापाशी काहीही आले, की त्याच्यावर धावून जातो; कधी ते तोंडात धरून दूर नेऊन टाकतो. अशा घरट्याजवळून आमिष ओढले, तर बाप त्याला चावा घेतो, आणि पकडला जातो. ही लालसा नव्हे. येथे अवधूताचा दाखला उलटा होतो. हा मासा रसनेने मरत नाही, वात्सल्याने मरतो. आणि तो वर नावेत असताना खाली ब्लूगिलसारखे लहान मासे थोड्याच वेळात त्याच्या अंड्यांवर ताव मारतात. त्याला पुन्हा सोडून दिले, तरी पुष्कळदा राखायला फार काही उरलेले नसते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रिज लेक नावाचा एक तलाव आहे. तेथे चार वर्षे एक शिस्तबद्ध निरीक्षण झाले. गळाला लागलेल्या प्रत्येक बासची नोंद ठेवायची, खूण करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. एक मासा दोन दिवसांत तीनदा पकडला गेला, दुसरा एका वर्षात १६ वेळा. शेवटी तलाव रिकामा केला, तेव्हा १७०० हून अधिक मासे मिळाले, आणि त्यांत सुमारे २०० असे निघाले की जे एकदाही पकडले गेले नव्हते. डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सहज लागणाऱ्या माशांचा एक वंश आणि कधी न लागलेल्यांचा दुसरा वंश, असे दोन वंश तीन पिढ्या वेगळे वाढवले. २००९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे. पिढीगणिक दोन वंशांतले अंतर वाढत गेले.

येथवर ऐकून वाटेल की सावध मासे उरले, बावळट गेले, तर चांगलेच झाले. पण २०१२ साली याच दोन वंशांवरचा पुढचा अभ्यास आला. सहज गळाला लागणारे नर अधिक आक्रमक होते, ते पिल्लांची राखण अधिक निष्ठेने करीत, आणि गळ टाकणारा माणूस नसेल तर त्यांचीच संतती अधिक होई. म्हणजे गळ तलावातून बावळटांना वेचत नाही. तो उत्तम बापांना वेचतो. मागे उरतात ते सावध, पण राखणीत ढिले. आमिषाने आपण एक मासा घेतला असे समजतो. प्रत्यक्षात त्या पाण्याचा स्वभावच थोडा थोडा बदलत असतो.

मासे शिकत नाहीत, असेही नाही. हॉलंडमध्ये बॉकेमा या शास्त्रज्ञाने १९७० साली पाइक माशावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. फिरत्या पात्याच्या धातूच्या आमिषाने एकदा पकडून सोडलेला पाइक पुन्हा त्या आमिषाकडे फारसा येत नसे. जिवंत मासा गळाला लावला, तर मात्र तोच पाइक पूर्वीइतकाच फसे. एका अनुभवात त्याला खोटे नाणे ओळखता आले. खऱ्या नाण्यावर अविश्वास ठेवणे मात्र त्याला परवडणारे नव्हते, कारण त्यावरच त्याचे जगणे चालते. त्याच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत कार्प मासा एकदाच गळाला लागल्यावर वर्षभर सावध राहिलेला आढळला. ज्या प्राण्याची स्मृती आपण थट्टेचा विषय केली, त्याची ही स्मृती!

आता आपल्या मानशीकडे परत येतो.

चणकाविषयी एक गोष्ट नववीत असताना आम्हाला ठाऊक नव्हती. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि वाढून मोठा झाल्यावर मादी होतो. काही अपवाद असतील, पण सर्वसाधारण क्रम हाच. याचा अर्थ असा की, जो भला मोठा चणक आपण अभिमानाने वर उचलून धरतो, तो जवळजवळ नेहमी मादी असतो. मोठ्या चणकांना निवडून काढणे म्हणजे खाडीतल्या आयांना निवडून काढणे. त्या शनिवारी सरांनी चिरलेल्या माशाच्या पोटात पिवळ्या गाबोळीच्या पट्ट्या होत्या, हे मी आरंभी सांगितले. आम्ही तिच्याकडे जिभेने पाहिले. सरांचा प्रश्न माशाला काय दिसले हा होता. आम्हाला काय दिसले नाही, हे त्यांनी विचारले नाही. कदाचित त्यांनाही ते तेव्हा ठाऊक नसेल. कदाचित असेलही. त्यांचे ते काही न बोलणे मला आजही आठवते.

मासे धरू नयेत, असे सांगायला मी उभा नाही. आपल्या खाडीकाठच्या कितीतरी घरांची चूल मासळीवर पेटते, आणि माझ्या पानातही ती असते. मागणे एवढेच की, गरी टाकणाऱ्याने कोणाला धरतो आहोत हे जाणून धरावे. पावसाळ्याच्या तोंडाशी, विणीच्या दिवसांत, गाबोळीने जड झालेला मोठा चणक गळाला लागला, तर गळ सोडवून त्याला ओहोटीच्या पाण्यात परत जाऊ द्यावे. छंद म्हणून चमकत्या आमिषाने मासे धरणाऱ्या तरुणांना हे सहज शक्य आहे. गळाचा उलटा काटा घासून टाकला, तर गळ काढणे सोपे जाते आणि जखमही लहान होते. असा एक मासा सोडला तर एका जेवणाचा तोटा होईल. नफा किती पिढ्यांचा, ते मोजणारा अजून जन्माला यायचा आहे.

आणि येथे बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. फसलेल्याला मूर्ख म्हणण्याची आपल्याला घाई असते. मासा फसला तर तो लोभी, माणूस फसला तर तो अडाणी. पण आज आपण पाहिले की, फसवणारा नेहमी शहाणपणाच्याच वाटेने येतो. माशाची चपळाई, त्याचे चौकस असणे, पिल्लांवरची त्याची माया, यांनाच तो गळ बांधतो. माणसांनाही लालसेपेक्षा काळजीच्या, घाईच्या आणि विश्वासाच्या वाटेने अधिक फसवले जाते. तेव्हा फसलेल्याला हसण्याआधी, त्याला त्यात काय दिसले, हा सरांचा प्रश्न विचारून पाहा. त्या प्रश्नाने मला एक शास्त्र दिले, आणि थोडी दयाबुद्धीही दिली.

सर, उत्तर शोधून आणायला फार वर्षे लागली. ते पुरते आहे असा माझा दावा नाही. तुम्ही असता, तर चमचा पुन्हा हातात घेऊन पुढचा प्रश्न विचारला असता, याची मला खात्री आहे.